चालकास सावध करणारे यंत्र आणि त्याची स्मृती

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते, ते आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत. एखादे नवे उपकरण वर्गात आले, की ते कसे चालते हे सांगण्यापूर्वी ते फळ्यावर एक प्रश्न लिहीत : या उपकरणाला काय कळते आणि काय कळत नाही? तापमापकाला ताप किती आहे हे कळते, तो कशाने आला हे कळत नाही. तराजूला वजन कळते, माल खरा की खोटा हे कळत नाही. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि आता निवृत्तही झालो, परंतु कोणतेही यंत्र हाती आले की तो प्रश्न आजही आठवतो.

यंदाच्या पुस्तिकेसाठी व्यवहारोपयोगी असे काही लिहावे, अशी सूचना आली. मोटारीतील दर्शनी फळीवर बसवावयाचे, पुढील धोक्याची आगाऊ सूचना देणारे एक छोटे यंत्र युरोपात गेली वीस-पंचवीस वर्षे प्रचारात आहे. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज परदेशी गाड्या चालवितात, आणि या यंत्रामागचे तत्त्व आता आपल्या इकडील नव्या मोटारींतही आले आहे. म्हणून ते यंत्र चालते कसे, संगणकास जोडून ते अद्ययावत कसे करावयाचे आणि तसे न केल्यास काय घडते, याचा विचार येथे केला आहे.

एक प्रसंग

सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मी वेल्समधील कार्डिफ शहरी पुतण्याकडे राहावयास गेलो होतो. त्याच्या गाडीत असे एक यंत्र होते. आकार तळहाताएवढा. पुढे वेग मोजणारा कॅमेरा असेल, वारंवार अपघात होणारे वळण असेल, शाळा असेल, तर ते आधी घंटी वाजवी व मग बोलून सांगे. चालू रस्त्यावरची वेगमर्यादाही त्याच्या पडद्यावर आकड्यात दिसे.

एका दुपारी आम्ही वस्तीतील रस्त्याने परतत होतो. पडद्यावर ३० हा आकडा होता, म्हणजे ताशी ३० मैल, सुमारे ४८ किलोमीटर. पुतण्या त्याच वेगाने गाडी चालवीत होता. शाळा नुकतीच सुटली असावी. उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून पाठीवर दप्तर घेतलेली एक लहान मुलगी एकाएकी रस्त्यावर आली. पुतण्याने करकचून ब्रेक लावला. गाडी थांबली तेव्हा ती मुलगी आणि गाडीचे नाक यांच्यात हातभर अंतर उरले होते. मुलगी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि पळत पदपथावर गेली.

काही झाले नाही. परंतु पुतण्याचे हात बराच वेळ थरथरत होते. तो म्हणाला, "काका, यंत्र तीस सांगत होतं हो!" मी पडद्याकडे पाहिले. आकडा अजूनही तीसच होता.

वास्तविक त्या रस्त्याची मर्यादा महिन्यापूर्वीच बदलली होती. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये नवा कायदा अमलात आला आणि रस्त्यावरचे दिवे असलेल्या वस्तीतील रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आली. अशा रस्त्यांवर ठिकठिकाणी पाटी लावलेली नसते. वस्तीच्या आरंभी पाटी असते, आणि पुढे दिव्यांची रांग हीच खूण चालकाने ओळखावयाची असते. पुतण्यास नवा कायदा ठाऊक होता. परंतु डोळ्यांसमोर सतत दिसणाऱ्या आकड्याने त्याच्या माहितीवर मात केली.

ताशी दहा मैलांचा हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांनी पाहू. ब्रिटनमधील वाहनचालकांच्या अधिकृत नियमपुस्तकात थांबण्याची अंतरे दिलेली आहेत. ताशी २० मैल वेगाच्या गाडीस थांबण्यास एकूण १२ मीटर लागतात : ६ मीटर चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत आणि ६ मीटर ब्रेक लागल्यावर. ताशी ३० मैल वेगाला हेच अंतर ९ अधिक १४, म्हणजे २३ मीटर होते. आता असे समजा, की एक मूल १२ मीटरांवर रस्त्यात उतरले. २० मैल वेगाची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. ३० मैल वेगाच्या गाडीचे पहिले ९ मीटर चालकाचे मन भानावर येण्यातच जातील. ब्रेकला उरतील अवघे ३ मीटर. ब्रेकचा जोर सारखाच धरला, तर त्या ठिकाणी गाडीचा वेग ताशी सुमारे ४३ किलोमीटर असेल. म्हणजे पहिली गाडी जेथे उभी राहते, तेथे दुसरी जवळजवळ पूर्ण वेगात असते. नववीतील विद्यार्थ्यास हे गणित गतीच्या समीकरणांवरून सहज करता येईल, आणि त्याने ते करून पाहावे.

त्या दिवशी आमच्या आणि त्या मुलीच्या मध्ये अंतर पुरेसे होते एवढेच. यंत्र बिघडले होते काय? मुळीच नाही. त्याला जे सांगून ठेवले होते तेच ते सांगत होते. ते सांगून ठेवलेले शिळे झाले होते.

उपग्रह काय सांगतात

या यंत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पुढे कॅमेरा आहे, शाळा आहे, हे उपग्रह वरून पाहतो आणि यंत्रास कळवितो, असे पुष्कळांस वाटते. उपग्रह असे काहीही पाहत नाही. आपली गाडी अस्तित्वात आहे, हेही त्यास ठाऊक नसते.

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, सहा कक्षांतून हे उपग्रह फिरतात. मूळ योजना २४ उपग्रहांची होती, आज त्यांहून अधिक कार्यरत आहेत. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असते. तो अखंड दोनच गोष्टी सांगत असतो : आता किती वाजले आहेत, आणि मी कोठे आहे.

गाडीतील यंत्र हा केवळ ऐकणारा कान होय. उपग्रह अगदी डोक्यावर असला, तरी त्याचा संदेश खाली पोहोचण्यास एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. हा विलंब मोजून, त्यास प्रकाशाच्या वेगाने गुणून, यंत्र उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. येथे काळाची चूक महाग पडते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. यंत्रातील घड्याळ स्वस्तातले असते, म्हणून त्याची चूक हीसुद्धा एक अज्ञात राशी मानावी लागते. लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशी चार अज्ञाते, म्हणून किमान चार उपग्रह हवेत.

आरंभी नागरी वापरासाठीच्या संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे आणि स्थान सुमारे १०० मीटरांपर्यंत चुके. एवढ्या चुकीत कोणता रस्ता, कोणती गल्ली हेच ठरत नाही. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने ही मिसळ बंद केली. चालकास सावध करणारी स्वस्त यंत्रे त्यानंतरच खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. आज मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरांपर्यंत स्थान मिळते.

बरेच दिवस खणात पडलेले यंत्र सुरू केल्यावर लगेच का बोलत नाही, याचेही कारण येथेच आहे. उपग्रहाचा संदेश फार सावकाश येतो. प्रत्येक उपग्रह आपली स्वतःची नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी सांगतो, परंतु सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग पुरे होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. अशा वेळी गाडी मोकळ्या जागी काही मिनिटे उभी ठेवावी.

तात्पर्य, उपग्रहांच्या साहाय्याने यंत्रास कळते ते इतकेच : मी कोठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेस चाललो आहे. पुढे काय आहे, हे त्यास उपग्रहाकडून कधीही कळत नाही.

यंत्राच्या पोटातील यादी

मग पुढे शाळा आहे, हे त्यास कोण सांगते? माणसे सांगतात. कोणी रस्ता पाहून, कोणी सरकारी अधिसूचना वाचून, कोणी तेथून जाताना नोंद करून एक यादी तयार केलेली असते. ती यादी यंत्राच्या स्मृतीत भरलेली असते.

यादीतील प्रत्येक नोंद लहानशी असते : अक्षांश, रेखांश, धोक्याचा प्रकार, तेथील वेगमर्यादा, आणि कोणत्या दिशेने येणाऱ्या गाडीस तो लागू आहे तो कोन. एका नोंदीस वीस अक्षरांइतकी जागा धरली, तर दहा हजार नोंदी एका लहानशा छायाचित्रापेक्षाही कमी जागेत मावतात. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या तुटपुंज्या स्मृतीच्या यंत्रांतही अख्ख्या देशाची यादी बसे.

यंत्र दर सेकंदास आपले स्थान काढते व जवळपासच्या नोंदींशी ताडून पाहते. नोंदीचे स्थान ठरावीक अंतराच्या आत आले, आणि आपली दिशा नोंदीतील दिशेशी जुळली, की घंटी वाजते. दिशा पाहिली नसती, तर समोरून येणाऱ्यांसाठी असलेली सूचनाही आपल्याला मिळाली असती. सूचना किती अंतरावर द्यावयाची, हे वेगावर अवलंबून असले पाहिजे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदास सुमारे १४ मीटर जाते, ताशी १०० ला सुमारे २८ मीटर. चालकास १५ सेकंद आधी कळावे असे वाटत असेल, तर पहिल्या वेगास सुमारे २१० मीटर व दुसऱ्यास सुमारे ४२० मीटर अंतर हवे.

या रीतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. उड्डाणपूल आणि त्याखालील रस्ता यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात, तेथे यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. महामार्ग आणि त्याला लागून धावणारा सेवारस्ता यांत दहा मीटरांचे अंतर असेल, तरी तीच अडचण येते. परंतु सर्वांत मोठी मर्यादा निराळी आहे. यंत्र गप्प आहे, याचे अर्थ दोन होऊ शकतात. पुढे धोका नाही, हा एक. पुढील धोक्याची नोंद माझ्या यादीत नाही, हा दुसरा. या दोन्ही गप्पपणांत ऐकणाऱ्यास कोणताही भेद जाणवत नाही. आणि चालक नेहमी पहिलाच अर्थ घेतो.

संगणकाद्वारे अद्ययावतीकरण

कार्डिफच्या त्या संध्याकाळी, जेवणापूर्वीच, आम्ही ते यंत्र गाडीतून काढून घरात आणले व संगणकास जोडले. त्या वेळी जे केले आणि जे अनुभवास आले, ते क्रमाने सांगतो. निरनिराळ्या यंत्रांच्या तपशिलात फरक असेल, परंतु क्रम बहुधा हाच असतो.

पहिली गोष्ट, यंत्रातील यादी कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. ही तारीख माहितीच्या पानावर कोठेतरी आत दडलेली असते. आमच्या यंत्रात ती त्या वर्षाच्या मार्च महिन्याची निघाली. सप्टेंबरमध्ये बदललेला कायदा मार्चच्या यादीस कळणार तरी कसा?

दुसरी गोष्ट, केबल. यूएसबीच्या सर्व केबली दिसावयास सारख्या असतात, पण काहींतून केवळ वीज जाते, माहिती जात नाही. अशी केबल जोडली की यंत्राचा दिवा लागतो आणि संगणक मात्र काहीच जोडलेले नाही असे सांगतो. आमचा अर्धा तास यातच गेला. यंत्रासोबत मिळालेली मूळ केबल जपून ठेवावी, हा त्यातील धडा.

तिसरी गोष्ट, उत्पादकाचा प्रोग्राम संगणकात बसवून यंत्राच्या मागील बाजूस असलेल्या अनुक्रमांकाने नोंदणी करावी. पुष्कळ उत्पादक अद्ययावत यादीसाठी वार्षिक वर्गणी घेतात. वर्गणी संपली की नवी यादी मिळणे थांबते, यंत्र मात्र थांबत नाही. ते जुनीच यादी त्याच ठाम आवाजात वाचत राहते. वर्तमानपत्र शिळे झाले की कागद पिवळा पडतो, यंत्राचा आवाज तसा पिवळा पडत नाही.

चौथी गोष्ट, आपण स्वतः भरलेल्या जागा, म्हणजे घर, नेहमीचे धोक्याचे वळण इत्यादी, आधी संगणकात उतरवून घ्याव्यात. नवी यादी भरताना त्या पुसल्या जाण्याचा संभव असतो.

पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. यंत्रात दोन निरनिराळ्या वस्तू अद्ययावत कराव्या लागतात. एक म्हणजे स्थळांची यादी. दुसरी म्हणजे यंत्र ज्या आज्ञावलीवर चालते ती मूळ आज्ञावली. यादी म्हणजे शाळेचे हजेरीपुस्तक, तर आज्ञावली म्हणजे हजेरी घेण्याची रीत. आज्ञावली जुनी राहिल्याने काय होते, याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची गणना ० ते १०२३ एवढीच होते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. गणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली. ती प्रथम २२ ऑगस्ट १९९९ रोजी व दुसऱ्यांदा ७ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आली. ज्या जुन्या यंत्रांच्या आज्ञावलीत याची तजवीज नव्हती, ती एकाएकी सुमारे वीस वर्षे मागे जाण्याचा संभव होता. पुढचा असा दिवस नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल.

आज्ञावली बदलत असताना केबल ओढू नये, संगणक बंद करू नये. अर्धवट लिहिलेल्या आज्ञावलीमुळे यंत्र कायमचे मुके होऊ शकते. काम पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावर, संगणकास सांगूनच यंत्र विलग करावे.

सहावी गोष्ट, वापराच्या निवडी तपासाव्यात. एकक मैल की किलोमीटर, सूचना किती अंतरावर, मर्यादा ओलांडल्यावर घंटी लगेच की काही सूट देऊन. ही सूट पुष्कळ जण वाढवून ठेवतात व घंटीचा त्रास टाळतात. ती शून्यावर ठेवावी, हे माझे मत.

शेवटची गोष्ट बहुतेक जण करीत नाहीत. यादीची तारीख पुन्हा पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या परिचित ठिकाणी जाऊन यंत्र खरे सांगते काय, याची परीक्षा घ्यावी. आम्ही सकाळी त्याच शाळेच्या रस्त्याने गेलो. पडद्यावर २० आकडा दिसला. पुतण्या काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. कायदा झाल्यानंतर वेल्समध्ये त्याविषयी पुष्कळ वाद झाला, आणि २०२४ सालच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर तेथील स्थानिक परिषदांनी काही रस्ते पुन्हा ३० वर नेण्याचे ठरविले. म्हणजे आम्ही त्या रात्री मोठ्या समाधानाने भरलेली यादीही पुढे काही ठिकाणी शिळी झालीच. अद्ययावतीकरण हे एकदा करून मोकळे होण्याचे काम नव्हे.

यंत्र नेमके कोणासाठी?

दंड चुकविण्यासाठीच तर लोक हे यंत्र घेतात, असा आक्षेप वाचक घेतील. तो खोटा नाही. युरोपातील निरनिराळ्या देशांनी त्यास निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यांच्या स्थळांची यादी बाळगणे कायद्याने मान्य आहे. जर्मनीत चालकास गाडी चालविताना अशी सूचना देणारे साधन वापरण्यास मनाई आहे. स्वित्झर्लंडही या बाबतीत कडक आहे.

फ्रान्सचे उत्तर मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. तेथे २००३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पहिला स्वयंचलित वेग-कॅमेरा बसला. २००२ साली त्या देशात रस्त्यांवर साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली होती. २०१० साली ही संख्या चार हजारांच्या किंचित खाली आली. या घटीस अनेक कारणे असली, तरी कॅमेऱ्यांचा धाक हे एक कारण मानले जाते. पुढे जानेवारी २०१२ मध्ये कॅमेऱ्याचे नेमके स्थान सांगणाऱ्या यंत्रांवर तेथे बंदी आली. तेव्हा उत्पादकांनी यादीचे रूप बदलले. बिंदूऐवजी पट्टा आला : वस्तीत ३०० मीटरांचा, साध्या रस्त्यावर २ किलोमीटरांचा, द्रुतगती मार्गावर ४ किलोमीटरांचा "धोक्याचा टापू". त्या टापूत कॅमेरा असेल किंवा नसेलही. चालकाने संपूर्ण पट्टाभर वेग आवरावा, एवढेच यंत्र सांगते. कॅमेऱ्यापुरता ब्रेक आणि पुढे पुन्हा वेग, या खोडीवर हा चांगला उतारा होय.

हळूहळू हे यंत्र स्वतंत्र न राहता मोटारीतच सामावत आहे. ७ जुलै २०२४ पासून युरोपीय संघातील प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकास सावध करणारी व्यवस्था सक्तीची झाली आहे. तीत पाट्या वाचणारा कॅमेरा व नकाशातील नोंदी यांचा उपयोग केला जातो. कित्येक यंत्रे आता मोबाइलच्या जाळ्यातून आपली यादी आपणच ताजी करतात. केबलचे काम त्यांत उरले नाही, परंतु यादीच्या तारखेकडे पाहण्याचे काम उरलेच आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची घंटी सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर ती अधूनमधून वाजते, १२० ओलांडल्यावर अखंड वाजते. ही घंटी उपयुक्त आहे. परंतु गुरुजींचा प्रश्न तिला लावून पाहा. तिला वेग कळतो, स्थळ कळत नाही. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि आपल्या शाळेसमोरची अरुंद गल्ली तिच्या लेखी एकच. गल्लीतून ताशी ६० वेगाने जाणाऱ्या गाडीत ती गप्प राहील.

ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार जेथे वेग मोजणारे कॅमेरे असतील, त्या भागाच्या आधी ठळक पाटी लावणे आवश्यक आहे. म्हणजे आपल्या कायद्याचाही हेतू चालकास पकडण्यापेक्षा सावध करण्याचा आहे. या सावधगिरीची गरज किती, ते केंद्रीय मंत्रालयाच्या आकड्यांवरून दिसेल. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंत अतिवेग हे कारण नोंदलेले आहे.

पुतण्याने पुढे नवी गाडी घेतली आणि ते जुने यंत्र मला देऊन टाकले. ते मी वडोदऱ्यास आणून रिक्षात हाती धरून पाहिले. आकाशातील उपग्रह तेच असल्याने काही मिनिटांत त्याने आपले स्थान अचूक ओळखले. परंतु रेल्वे फाटक आले, शाळा आली, रुग्णालय आले, ते चकार शब्द बोलले नाही. त्याच्या यादीत वडोदरा नव्हतेच. एखाद्या अनोळख्याने तो गप्पपणा ऐकला असता, तर हे शहर मोठे निर्धोक आहे असा त्याचा समज झाला असता.

त्या यंत्रात स्वतःची यादी भरण्याची सोय होती. मी संगणकावर एका साध्या मजकुराच्या फाइलीत शाळेचे फाटक लिहिले : २२.३ अंश उत्तर, ७३.२ अंश पूर्व, आणि पुढचे दशांश. पाच दशांश स्थळे लिहिली, की नोंद सुमारे एक मीटरपर्यंत नेमकी होते. तरीही शाळेसमोर यंत्र गप्पच! पुष्कळ शोधल्यावर चूक सापडली. त्या फाइलीत रेखांश आधी व अक्षांश नंतर लिहावयाचे होते. मी उलट लिहिल्याने आपली शाळा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडली होती. क्रम बदलला, आणि दुसऱ्या दिवशी फाटकापासून दोनशे मीटरांवर घंटी वाजली. चूक लहान, गप्पपणा मात्र तोच!

समारोप

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. या यंत्रास स्थान, वेग व दिशा कळते, आणि ते उपग्रहांमुळे अतिशय अचूक कळते. रस्ता त्यास कळत नाही. रस्त्याविषयी जे माणसांनी नोंदले आणि आपण वेळेवर भरले, तेवढेच त्यास आठवते. दप्तर घेऊन रस्त्यावर उतरणारी मुलगी कोणत्याही यादीत नसते. तिच्यासाठी चालकाचे डोळे आणि आवरलेला वेग हाच उपाय. यंत्राचा आकडा आणि रस्त्यावरची पाटी यांत विरोध आला, तर पाटी खरी मानावी, आणि पाटीही दिसत नसेल तर कमी वेग खरा मानावा. यंत्र चुकीचे सांगत होते, ही सबब कायद्यापुढे चालत नाही आणि स्वतःच्या मनापुढे तर नाहीच.

एक सूचना करून लेख पुरा करतो. आपल्या शाळेभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातील धोक्याच्या जागांची यादी विद्यार्थ्यांनी पायी फिरून करावी : फाटके, आंधळी वळणे, मुलांची रस्ता ओलांडण्याची ठिकाणे. स्थान आता साध्या मोबाइलवरही दिसते. ही यादी दरवर्षी जून महिन्यात पुन्हा तपासावी व तिच्यावर तारीख घालावी. ती कोणत्या यंत्रात जाईल की नाही, हा पुढचा प्रश्न. निदान ती करणारी मुले मोठी होऊन गाडी चालवू लागतील, तेव्हा घंटी वाजली नाही तरी शाळेपाशी त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.